घंटेपासून घंटेपर्यंत

झाकण पडलं.

आधी खणखणीत एक टण्ण, मग फरशीवर स्वतःभोवतीच गरगर, आणि शेवटी दमल्यासारखं थरथरत ते खाली बसलं. वरच्या मजल्यावर ध्यानाच्या खोलीत सतरा माणसं डोळे मिटून बसली होती. त्यातल्या सोळा जणांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. सतरावी मनातल्या मनात म्हणाली, ‘हे मोठ्या पातेल्याचं.’

आवाजावरून झाकण ओळखता येण्याइतकी प्रगती तिनं विहारात राहायला आल्यापासून तेवीस दिवसांत केली होती. बाकीची प्रगती सांगण्यासारखी नव्हती.

ती तशीच बसून राहिली. श्वास आत, श्वास बाहेर. खाली शांतता. आता या शांततेचा तिला झाकणापेक्षा जास्त धाक वाटायला लागला. पोर असलेल्या घरात आवाज झाला तर काहीतरी पडलेलं असतं. आवाज बंद झाला तर काहीतरी सुरू झालेलं असतं. श्वास आत. श्वास बाहेर. आणि मग जिन्यातून, जगातल्या सगळ्या कुजबुजींमध्ये सर्वांत मोठी अशी ती कुजबुज वर आली :

“आई! मी काहीच नाही केलं!”

ती उठली. दाराजवळच्या स्टुलामागे बसलेल्या घड्याळकाकांनी एक डोळा उघडला, स्टुलावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. बत्तीस मिनिटं. म्हणजे कालच्यापेक्षा चार जास्त.

खाली जेवणघरात तिची पाचेक वर्षांची लेक सहा झाकणं फरशीवर एका रांगेत मांडून उभी होती. ही मुलगी एका जागी कधी टिकली नाही म्हणून जन्मापासून तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि म्हणून विहारात तिची आईही सगळ्यांसाठी भिंगरीची आईच झाली होती. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून नर्समावशी बसल्या होत्या. चाळीस वर्षं रुग्णांना उचलून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे त्या जिना न चढता खालीच ध्यान करत. एक डोळा ध्यानाला, एक डोळा भिंगरीला, अशी त्यांनी आपणहून वाटणी केली होती.

“मावशी, तुम्ही बघत होतात ना?”

“बघत होते की. पडताना नीट बघितलं,” नर्समावशी डोळे न उघडता म्हणाल्या. “पण हात पुढं करेपर्यंत ते पडलं होतं. सगळं अनित्य आहे गं बाई, झाकणसुद्धा.”

“आई, हे झाकण सगळ्यांत जास्त वेळ फिरतं,” भिंगरीनं निकाल सांगितला. “मी मोजलं. एकोणीसपर्यंत. तू वर किती मोजलंस?”

“मी मोजत नव्हते.”

“मग काय करत होतीस?”

“काही नाही.”

“काही नाही करायला एवढा वेळ?”

तिनं पातेल्याखालचा गॅस बघितला, भाजी हलवली, आणि आणखी एक दिवस गेला.

*

विहार शहरातल्या एका साध्या गल्लीत होता. एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला धुलाईचं. एकीकडून टायरमधली हवा सुटल्याचा आवाज येई, दुसरीकडून साबणाच्या वाफेचा वास. मधल्या दुमजली इमारतीत चार भंते राहात आणि सहा खोल्यांमधून इतर माणसं ध्यानासाठी राहायला येत. तीन महिने राहायचं, पहाटे आणि सकाळी बसायचं, राहण्याच्या बदल्यात हाताला जमेल ते काम करायचं. भिंगरीच्या आईनं स्वयंपाक घेतला होता.

एरवी ती छापखान्याची प्रुफं तपासायची. घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मूल झोपलं की. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सापडल्या की खूश व्हायचं, असला धंदा. नवरा जहाजावर यंत्रदुरुस्तीला. सात महिने समुद्रात, मग दोन महिने घरी, आणि त्या दोन महिन्यांत तो घरातल्या न बिघडलेल्या वस्तूही दुरुस्त करून ठेवायचा.

विहारात यायचं कारण तिनं कुणालाच धड सांगितलं नव्हतं. सासूबाईंना फोनवर “जरा शांतता हवी” म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “पोर घेऊन शांतता शोधायला चाललीस? म्हणजे पाऊस बरोबर घेऊन कपडे वाळवायला!” नवरा म्हणाला, “जा, पण जेवत जा वेळेवर.” खरं कारण एका दुपारचं होतं. भिंगरीनं तिच्या तपासलेल्या सोळा पानांवर लाल पेन्सिलीनं, आईसारखंच, जागोजागी गोल केले होते. तेव्हा ती ओरडली. नुसती ओरडली नाही. कितीतरी दिवसांचं साठलेलं सगळं त्या एवढ्याशा जिवावर ओतलं. आणि भिंगरी रडली नाही. तिनं दोन्ही हात कानांवर घेतले आणि डोळे घट्ट मिटून उभी राहिली, ओरडणं संपायची वाट बघत. सवय असल्यासारखी.

ती ‘सवय असल्यासारखी’ तिच्या मनातून जाईना. लग्नाआधी ती या विहारात रोज सकाळी बसायला यायची. तेव्हा तिच्यात काहीतरी थांबायचं. चिडणं आणि ओरडणं यांच्यामध्ये एक बोटभर जागा असायची. ती जागा तिला परत हवी होती.

घड्याळकाकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. ते बसडेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळायचं काम करून निवृत्त झालेले. एक घड्याळ मनगटावर, एक खिशात, कारण त्यांचा कुठल्याच एकट्या घड्याळावर विश्वास नव्हता. घंटेच्या बदल्यात विहारातली एक खोली कायमची त्यांचीच होती; अकरा वर्षं ध्यानाची घंटा तेच वाजवत, आणि अकरा वर्षांत ती मिनिटभर मागेपुढे झाली नव्हती.

“हे बघा ताई,” ते म्हणाले होते, “खोल्या सहा आणि वाट बघणारे साठ. म्हणून पहिला महिना परीक्षेचा. त्या महिन्यात सकाळी दहा ते अकराचं एक तरी आसन पूर्ण व्हायला हवं. घंटेपासून घंटेपर्यंत. मध्ये उठायचं नाही. झालं तर उरलेले दोन महिने खोली तुमची. नाही झालं तर रोज येऊन बसा, विहार सगळ्यांचा आहे, पण खोली पुढच्याला द्यावी लागते.”

“एकच ना? होईल की,” ती म्हणाली होती.

काकांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी त्यांच्या खिशातल्या घड्याळाच्या साखळीला लोंबकळत होती. “बघू,” काका म्हणाले.

नियमात खोट काढावी असं काही नव्हतं. बाकी सगळ्यांचं ते आसन पहिल्या आठवड्यातच झालं होतं. फक्त बाकी कुणाला लेक नव्हती.

*

भिंगरीला मात्र विहार मानवला. इथं तिला चार आजोबा एकदम मिळाले होते, आणि चौघेही सारख्याच रंगाचे कपडे घालत, म्हणजे ओळखायला सोपे. त्यात मोठे भंते तिचे विशेष. मोठे भंते ऐंशीच्या घरातले, हसले की आधी खांदे हलायचे आणि हसू नंतर यायचं. संध्याकाळी ते अंगणात झाडू मारत आणि भिंगरी त्यांनी गोळा केलेला पाचोळा पुन्हा पसरत असे. दोघांचं बरं चाललं होतं.

“भंते, वर सगळे डोळे मिटून काय बघतात?”

“आपलं मन बघतात.”

“त्यात काय असतं?”

“येणारी-जाणारी मंडळी असतात. गुडघा दुखला, की गुडघा येतो. भूक लागली, की भूक येते. सायकलवाल्यानं हातोडा मारला, की तो येतो.”

“मग?”

“मग आपण म्हणायचं, ‘आलास का बाबा?’ आणि जाऊ द्यायचं. बसायला पाट द्यायचा नाही.”

भिंगरीनं विचार केला. “आणि आगाऊ कुणी आला तर? गेलाच नाही तर?”

भंत्यांचे खांदे हलले. “तर पुन्हा म्हणायचं, ‘अजून आहेस का?’ लाजून जातो.”

तेवढ्यावर भिंगरीनं तो धडा पाठ केला. जेवताना नावडती भाजी वाढली की ती ताटाकडे बघून म्हणायची, “आलीस का बाई? जा आता.” भाजी काही लाजत नसे.

सत्तावीस दिवस गेले. अठ्ठाविसाव्या दिवशी भिंगरीला एकाएकी शू लागली. एकोणतिसाव्या दिवशी तिनं चौपन्नाव्या मिनिटाला जिन्यातून विचारलं की गोगलगायीला गुडघे असतात का. चौपन्न! भिंगरीची आई खाली आली ती हसावं की रडावं अशी. हाताची मूठ आवळली, सोडली, आणि म्हणाली, “नसतात.” आवाज चढला नाही. तिच्या लक्षात आलं नाही, पण नर्समावशींनी ते नोंदवून ठेवलं. रुग्णाचा ताप उतरला की त्या अशाच गप्प बसून मान हलवत.

त्या संध्याकाळी तिनं खोलीतली बॅग पलंगाखालून काढून झटकली. आता भरावीच लागणार होती.

“कुठं चाललो आपण?” भिंगरीनं विचारलं.

“परवा घरी. उद्याचा शेवटचा दिवस.”

“का?”

खोटं बोलायला तिला सुचलं नाही. “आईला एकदा पूर्ण तास वर बसायचं होतं. जमलं नाही.”

“माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे नाही. झाकणांमुळे.”

भिंगरीनं केसांची एक वेणी सोडली. मग म्हणाली, “उद्या मी पण वर बसते. झाकणं नाही आणत.”

*

तिसाव्या दिवशी सकाळी भिंगरीच्या आईनं भात करून ठेवला, पाव कापून झाकला, वाटाणे-बटाट्याची पातळ भाजी अगदी मंद आचेवर ठेवली. अकराच्या घंटेला ती बरोबर शिजून होई, सव्वाअकराला पानं. भंते बारानंतर काही खात नसत, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यावर, त्यामुळे विहारात सगळं काही उशिरा झालं तरी चालत होतं, हे एक सोडून.

जिन्यात भिंगरी तिच्या पुढे, तोंडावर बोट ठेवून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत. आज खाली राखण करण्यासारखं कुणी उरलं नाही म्हटल्यावर नर्समावशीही कठड्याला धरून, पायरी-पायरीला विसावत वर आल्या. “एवढी गुडघ्यांना तोशीस दिली आहे, तर आज निर्वाण नाही तरी निदान एक पावती मिळू दे,” असं पुटपुटत त्या भिंतीला टेकल्या.

मोठ्या भंत्यांनी भिंगरीसाठी आपल्याशेजारी एक छोटं आसन टाकलं होतं. ती त्यावर दीड मिनिट बसली आणि सरपटत आईच्या मांडीशी आली.

घड्याळकाकांनी घड्याळ स्टुलावर ठेवलं, लाकडी दांडी उचलली आणि घंटेवर टेकवल्यासारखी मारली. नाद खोलीभर पसरून हळूहळू संपला. दहा.

भिंगरीच्या आईचा पहिला पाव तास ध्यानाचा नव्हताच. तो पहाऱ्याचा होता. आता बोलेल, मग खोकेल, मग विचारेल की भंत्यांना केस का नाहीत. भिंगरी चुळबुळली. तिच्या मांडीवर डोकं टाकलं. एका बोटानं तिच्या साडीच्या काठावर वर-खाली, वर-खाली केलं. बोट मंदावलं. थांबलं. मग मांडीवरचं डोकं जड झालं. झोपलेल्या मुलांचं वजन एकदम दुप्पट होतं ना, तसं.

आणि खाली आवाज करायला कुणी नव्हतं.

कुठून तरी तिच्या आत एक घडी उलगडली. लेकीचा श्वास वर-खाली होत होता, तिचा स्वतःचाही, थोड्या वेळानं कुठला कुणाचा ते बघायची गरज उरली नाही. पायाला मुंग्या आल्या. ‘आलात का?’ गेल्या. सायकलवाल्याचा हातोडा आला, गेला. सोळा पानं आली, लाल गोल आले, कानांवरचे दोन छोटे हात आले. ते हात बराच वेळ राहिले. तिनं त्यांना हाकललं नाही. त्यांच्याकडे बघत बसली. मग तेही हळूहळू खाली आले.

किती वेळ गेला कोण जाणे. पायात आता मुंग्या नव्हत्या, पायच नव्हते. वाटलं, तास होत आला असेल. मग वाटलं, झालाच असेल. मग मनातल्या मनात ती हसली, कारण हा इथला पहिला धडा होता : आसनावर बसलं की मन म्हणतं, ‘वेळ संपली, घंटा विसरले.’ घंटा कधी विसरलेली नसते. तो मनाचा कावा असतो. म्हणायचं, ‘आलास का बाबा?’ आणि जाऊ द्यायचं.

म्हणून तिनं जाऊ दिलं.

मग वास आला.

अगदी पुसट, जरासा गोडसर, तळाशी धरायला लागलेल्या बटाट्याचा. ‘वास,’ तिनं मनात म्हटलं, आणि जाऊ दिला. तो गेला नाही. ‘वास.’ तो पाट मांडून बसला. आणि आता तिला ऐकू यायला लागलं की आजूबाजूची माणसंही नाकानं जरा जोरात श्वास घेत होती, आणि शिकवल्याप्रमाणे, शहाण्यासारखी, सतराच्या सतरा जणं तो जाऊ देत होती.

तिनं एक डोळा उघडला.

खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा रोज अकराच्या घंटेला काकांच्या स्टुलाच्या पायाशी पोहोचायचा. हे तिला माहीत होतं, कारण शेवटच्या मिनिटांची आशा धरून तिनं तो बऱ्याचदा चोरून पाहिला होता. आज पट्टा स्टूल ओलांडून, आसनांची एक अख्खी रांग ओलांडून, पार नर्समावशींच्या पावलांवर चढला होता.

तिनं काकांकडे पाहिलं. घड्याळ स्टुलावर होतं, दांडी मांडीवर. काकांचे दोन्ही डोळे मिटलेले. रोज कपाळावर असायची ती दोन आठ्यांची जोडी आज नव्हती. तोंड किंचित उघडं, झोपेनं नव्हे. पाठ ताठ होती, श्वास सावकाश चालला होता. अकरा वर्षं दर दोन मिनिटांनी डोळा उघडून घड्याळ बघणारा, आणि गेले एकोणतीस दिवस झाकणांची धास्ती घेतलेला तो माणूस आज पहिल्यांदा आत बुडाला होता. खोली शांत होती ना.

आता? घंटा वाजली नव्हती. उठलं की संपलं. बॅग पलंगावर उघडीच होती. आणि न उठलं तर भाजीचा कोळसा, आणि बारा वाजून गेले की चार म्हातारी माणसं उद्यापर्यंत पाण्यावर. त्यातला एक ऐंशीचा. ते कुणीच काही बोलणार नाहीत, हसूनच पाणी पितील, हेही तिला माहीत होतं.

आणखी थोडं थांबावं? आत्ता वाजेल, एवढ्यात वाजेल...

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं कळलं सगळ्यांना होतं. उठायचं मात्र तिलाच होतं. तिनं भिंगरीला खांद्यावर घेतलं, नसलेल्या पायांवर कशीबशी उभी राहिली आणि भिंत धरत खाली गेली.

भिंतीवरचं घड्याळ अकरा सदतीस दाखवत होतं.

गॅस बंद. झाकण बाजूला. वरची भाजी अजून वाचण्यासारखी होती. तळ न खरवडता, पळी तळाला लागू न देता, तिनं वरची वर दुसऱ्या पातेल्यात काढली, एक कच्चा बटाटा चिरून त्यात सोडला, थोडं दूध, मिरपूड. करपल्याचा वास बटाटा ओढून घेतो, निदान तसं तिची आई सांगायची. या गडबडीत भिंगरी जागी झाली आणि डोळे चोळत ओट्याशी आली.

“झाला तास?”

“झाला. सगळ्यांना खाली बोलवायला हवं. पटकन.”

“हाक मारू?”

तिनं क्षणभर विचार केला. वर जाऊन घंटेला हात लावायचा, तर तो काकांचा मान होता. भर ध्यानात कुणाला नावानं हाक मारणं तर त्याहून वाईट. मग तिची नजर ओट्यावर पडलेल्या मोठ्या झाकणाकडे गेली. ते तिनं भिंगरीच्या हातात दिलं.

“जिन्याच्या वरच्या पायरीवर जा, आणि हे टाक.”

भिंगरीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं मुलं वाढदिवसाला एकाऐवजी दोन भेटी मिळाल्यावर बघतात. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“जोरात?”

“येतं तेवढं.”

विहाराच्या इतिहासात असं झाकण पडलं नसेल. वरच्या पायरीवर टण्ण, मग पायरीगणिक एक टण्ण, चौदा पायऱ्या, आणि मग जेवणघराच्या फरशीवर एकोणीस, वीस, एकवीसपर्यंत गरगर.

वर कुणीतरी म्हणालं, “अरे देवा!” आणि ते घड्याळकाका होते.

*

अकरा अठ्ठेचाळीसला पानं वाढून झाली. भंते जेवले. घाईनं नाही, त्यांना घाई येतच नसे, पण मोठ्या भंत्यांनी शेवटचा घास घेतला तेव्हा बाराला तीन मिनिटं होती. भाजीला जराशी धुराची चव होती. नर्समावशी म्हणाल्या, “छान लागतेय, हॉटेलात याचे जास्त पैसे घेतात.”

घड्याळकाका मात्र जेवत नव्हते. मनगटावरचं, खिशातलं आणि भिंतीवरचं, तिन्ही घड्याळं आळीपाळीनं बघत होते, जणू एखादं तरी त्यांच्या बाजूनं बोलेल. शेवटी उठले आणि निवासाची वही घेऊन आले.

“ताई,” ते म्हणाले, “मला लिहायला हवं. घंटेपासून घंटेपर्यंत. तुम्ही घंटेआधी उठलात.”

“हो काका. लिहा.” तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज साधा निघाला.

“अहो, वाजलीच नाही ती घंटा!” नर्समावशी उसळल्या. “तिची वाट बघत बसलो असतो तर उद्याच उठलो असतो!”

“नियम आहे, मावशी. मीच केला आहे.” काकांनी पेन उघडलं. लिहिलं. थांबले. पुन्हा लिहिलं. मग वही तशीच मोठ्या भंत्यांपुढे सरकवली. “मी दोन्ही नावांपुढे लिहिलंय. त्या घंटेआधी उठल्या. आणि मी घंटेची वेळ टळून गेली तरी उठलो नाही. माझीही खोली पुढच्याला द्या.”

भिंगरीनं टाचा उंचावून वहीत डोकावून पाहिलं.

मोठ्या भंत्यांनी चष्मा लावून वही वाचली. “तास किती मिनिटांचा असतो?” त्यांनी विचारलं.

“साठ,” काका म्हणाले.

“उपासिका किती बसल्या?”

काकांचं गणित पक्कं होतं. “दहा ते अकरा... पस्तीस धरा. पंच्याण्णव.”

“वर पस्तीस मिनिटं मोफत,” नर्समावशी म्हणाल्या.

“आणि तुम्ही?” भंत्यांनी काकांना विचारलं. “अकरा वर्षांत आज काय झालं?”

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग हळूच, बसडेपोतल्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले, “भंते, मला वाटलं दहा मिनिटंच झाली आहेत. मला... घड्याळ आठवलंच नाही. असं असतं होय हे?”

भंत्यांचे खांदे हलायला लागले. आधी त्यांचे, मग बाकी तिघांचे, मग सगळ्या टेबलाचे. काका बिचारे लाल झाले आणि शेवटी तेही हसले.

“दोन्ही खोल्या आहेत तशा राहू द्या,” मोठे भंते वही मिटत म्हणाले. “घंटा मात्र उद्यापासून पाळीनं. एकाच माणसानं अकरा वर्षं सगळ्यांसाठी जागं राहायचं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. आणि उपासिका, दहा वाजता भाजीखालचा गॅस बंद करून वर येत जा. उरलेली शिजायची ती नंतर शिजेल.”

एवढी साधी गोष्ट तिला तीस दिवसांत सुचली नव्हती. सुचायची गरजच पडली नव्हती म्हणा. रोज भिंगरी तिला वेळेत खाली बोलवत होती. तिनं भंत्यांना वाकून नमस्कार केला आणि तोंड पदराआड करून स्वयंपाकघरात पळाली. हसत होती की रडत होती ते वाटाण्यांनाच माहीत.

*

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर ती मोरीशी करपलेलं पातेलं घेऊन बसली. तळाला काळा थर असा धरला होता की जणू तो पातेल्याबरोबरच विकत आणलेला. तिनं गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं, काथ्या घेतला आणि घासायला लागली. शेजारी भिंगरी झाकण धुण्याच्या नावाखाली स्वतःला धूत होती. धुलाईच्या दुकानातून वाफेचा सुस्कारा आला, सायकलवाल्यानं एक टायर फुगवून बघितला. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली होती.

“आई, मी आज छान बसले ना?”

“फार छान. तुझ्याइतकं छान कुणीच बसलं नाही.”

“मी झोपले होते.”

“म्हणूनच.”

भिंगरीनं झाकण उलटं करून त्यात पाणी भरलं. “तू पण केलंस का, भंते सांगतात तसं? ‘आलास का बाबा’?”

“केलं की.”

“पाय दुखला तेव्हा?”

“पाय आला, जाऊ दिला.”

“आणि सायकलवाला?”

“तोही आला, तोही गेला.”

“आणि वास?”

“वासाला दोनदा जाऊ दिलं. तिसऱ्यांदा नाही जमलं.” तिला हसू आलं. काळ्या थराचा एक पोपडा निघाला आणि खालून चकचकीत धातू दिसला, नखाएवढा.

भिंगरी झाकणातल्या पाण्यात स्वतःचा चेहरा बघत होती. पाणी हललं, चेहरा गेला. थांबलं, परत आला. असं तिनं दोन-तीनदा केलं. मग मान वर न करताच विचारलं,

“आणि मी आले तर? तू डोळे मिटून बसलेली असतेस आणि तुझ्या मनात मी येते, तेव्हा मलापण जाऊ देतेस?”

“तुला मी पाट मांडून देते,” ती म्हणाली, आणि काथ्या पातेल्यात टाकून ओल्या हातांनीच तिनं भिंगरीला मांडीवर ओढलं.